आधी पाणी ठरवा, मग राक्षस

टेबलावर रंगणाऱ्या फॅन्टसी साहसात दलदल आली की पुढे काय होणार, हे खेळाडूंना पाठ असतं. धुकं उतरणार, बेडूक ओरडणार, चालण्याचा वेग निम्म्यावर येणार, पाण्यातून सरडेमाणसं उठणार आणि त्यांचा निकाल लागला की एखाद्या झोपडीत चेटकीण वाट बघत बसलेली असणार. आता हाच प्रसंग उचलून जंगलात नेऊन बघा. बेडकांऐवजी घुबडं, सरडेमाणसांऐवजी लांडगे. बाकी एक अक्षरही बदलावं लागत नाही. म्हणजे दलदलीने त्या साहसात काही कामच केलेलं नसतं.

ज्यांनी हे खेळ खेळलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात: चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एकेक पात्र घेतो आणि त्याच्या वतीने बोलतो, निर्णय घेतो. एक जण मात्र पात्र न घेता बाकीचं अख्खं जग सांभाळतो. जागा, हवामान, शत्रू, वाटेत भेटणारी माणसं सगळं त्याच्याकडे. त्याला गेममास्टर म्हणतात. पुढे मी नुसतं ‘मास्टर’ म्हणेन. जिथे यशाची खात्री नाही तिथे फासे टाकायचे. १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ बाजारात आला आणि हा प्रकार रुळला. दुसऱ्याच वर्षी डेव्ह अर्नेसनने या खेळासाठी छापलेलं पहिलं तयार साहस होतं बेडकांच्या पंथाच्या एका मंदिराचं, आणि ते मंदिर होतं दलदलीत. तेव्हापासून दलदल या खेळात आहे, आणि बहुतेक वेळा नुसती आहे.

माझ्या मते याचं कारण असं की आपण दलदलीचा विचार चिखल म्हणून करतो. चिखल एका जागी पडून असतो. खऱ्या दलदलीत पाणी सतत काही ना काही करत असतं. ते चढतं, ओसरतं, वाटा उघडतं आणि बुजवतं, काही वस्तू शतकानुशतकं जपतं, काही विरघळवून टाकतं. ते नेमकं काय करतं हे आधी ठरवलं, की प्राणी, माणसं, भुतं आणि खजिना आपापल्या जागी बसायला लागतात.

पाणी येतं कुठून?

पाणथळ जागेची जगभर मान्य असलेली व्याख्या फारच ऐसपैस आहे. २ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधल्या रामसर या गावी झालेल्या करारानुसार तिच्यात दलदल, गोडं पाणी, खारं पाणी, वाहतं, साचलेलं, एवढंच काय, ओहोटीला सहा मीटरपेक्षा खोल नसलेला समुद्रही मोडतो. साहस लिहिणाऱ्याला एवढा पसारा नको. त्याला एका प्रश्नाचं उत्तर पुरे: इथे पाणी येतं कुठून?

पाणी नुसतं पावसाचं असेल, तर थंड आणि ओल्या प्रदेशात स्फॅग्नम नावाचं शेवाळ माजतं. ते मरतं, पण पुरतं कुजत नाही, कारण पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतो आणि पाणी आम्लधर्मी असतं. अर्धवट कुजलेल्या या थराला पीट म्हणतात. तो वर्षाला साधारण १ मिलिमीटर चढतो, म्हणजे हजार वर्षांत मीटरभर. अशी दलदल सपाट, उघडी, जवळजवळ बिनझाडांची असते. आपल्या मनातल्या लोंबत्या वेलींच्या चित्राशी तिचा संबंध नाही.

पाणी जमिनीतून झिरपून येत असेल, विशेषतः चुनखडीतून, तर ते आम्लधर्मी राहत नाही. तिथे बोरू आणि लव्हाळी उंच वाढतात, हातभर अंतरावरचं दिसत नाही. पाणी नदीच्या पुराचं असेल तर दलदलीला ऋतू असतात. आणि ते समुद्रातून येत असेल, तर तिला दिवसातून दोनदा चढउतार असतो, खारफुटीची झाडं असतात आणि चिखलातून वर आलेली टोकदार श्वासमुळं असतात, ज्यांच्यामधून पळत सुटणं हा स्वतःच एक प्रसंग आहे.

चारांपैकी एक निवडायची. सगळं एकत्र कालवलं की पुन्हा तेच धुकं आणि तेच बेडूक.

नकाशा रोज बदलतो

जंगलाचा नकाशा एकदा काढला की काढला. दलदलीचा नकाशा वेळेबरोबर बदलतो, आणि हीच तिची खरी ताकद आहे.

भरतीची दलदल घ्या. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या मुखाशी पसरलेल्या सुंदरबनात पायाखालची जमीन दिवसातून दोनदा पाण्याखाली जाते. एका भरतीपासून दुसरी सुमारे १२ तास २५ मिनिटांनी येते, त्यामुळे भरतीची वेळ रोज साधारण पाऊण तासाहून जास्त पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, मधल्या अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यात कमी चढउतार. हे एवढं गणित खेळाडूंसमोर ठेवलं तरी साहसाचा सांगाडा तयार होतो. एका पडक्या मंदिराचं दार फक्त ओहोटीला उघडं पडतं. आत शिरायला काहीच अडचण नाही. पण पाणी सहा तासांनी परत शिगेला पोचणार आहे आणि तळघराच्या पायऱ्या खाली जातात. मास्टरला ‘लवकर करा’ असं एकदाही म्हणावं लागत नाही. खेळाडू स्वतःच दर दाराशी वेळ विचारायला लागतात. त्यात दार उघडतं तेही फक्त उधाणाच्या मोठ्या ओहोटीला, असं ठरवलं तर चुकलेली संधी पुन्हा पंधरवड्याने येते, आणि तोवर शत्रू हात बांधून बसणार नाही.

(तुमच्या जगात दोन चंद्र असतील तर मजा आणखी वाढते. ते दोघे एका रेषेत आले की भरती कुठवर चढेल हे तुम्ही ठरवा, आणि ते गणित फक्त कुणा पुजाऱ्याला येतं असं ठेवा.)

नदीच्या दलदलीत घड्याळ हळू चालतं, पण जास्त चकवतं. आफ्रिकेतल्या ओकावांगोचं उदाहरण मला फार आवडतं. अंगोलाच्या उंच भागात पडलेला पाऊस बोत्स्वानातल्या त्या सपाट प्रदेशात पोचून पसरायला काही महिने घेतो. परिणाम असा की पूर शिगेला असतो जून ते ऑगस्टमध्ये, म्हणजे तिथल्या ऐन कोरड्या दिवसांत. आकाश निरभ्र आहे, पावसाचा थेंब नाही, आणि पाणी चढतंय. हे माहीत नसलेल्या परक्या पात्रांना ती जादू वाटेल. माहीत असलेल्यांना कळेल की उत्तर इथे नाही, दूर वर डोंगरात आहे. यंदा पाणी आलंच नाही, तर तिकडे कुणीतरी काहीतरी केलंय.

दक्षिण सुदानमधल्या सुद्द नावाच्या दलदलीत तर वाटाच तरंगतात. पपायरस आणि इतर पाणवनस्पतींचे मोठमोठे तुकडे सुटून वाहत येतात आणि काल मोकळा असलेला प्रवाह आज बुजवतात. रोमन सम्राट नीरोने नाईलच्या वरच्या भागाचा शोध घ्यायला माणसं पाठवली होती. ती एका अफाट दलदलीशी येऊन अडली, असं त्या काळच्या सेनेका या रोमन लेखकाने लिहून ठेवलं आहे, आणि ती दलदल सुद्दच असावी असं मानलं जातं. खेळात याचा उपयोग साधा आहे. रोज सकाळी एक फासा टाकायचा आणि नकाशावरची एक जलवाट बंद करून दुसरी उघडायची. दोन दिवसांत खेळाडूंना कळतं की वाटाड्याला पैसे का द्यायचे.

मुक्काम कुठे टाकायचा?

हा प्रश्न जंगलात कुणी विचारत नाही. दलदलीत तो रोजचा आहे, कारण तिथे कोरडी जागा हीच सगळ्यात महाग वस्तू असते.

फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्समध्ये जमीन आजूबाजूपेक्षा जराशीच उंच झाली तरी तिथे मोठी झाडं उभी राहतात, आणि गवताच्या पाण्यात बेटासारखा झाडांचा पुंजका दिसतो. ओकावांगोत अशा कित्येक बेटांची सुरुवात वाळवीच्या वारुळापासून झाली आहे. पूर चढला की हरणं, साप, उंदीर, मुंग्या आणि त्यांना खाणारे सगळे अशाच उंचवट्यांवर गोळा होतात. मग संध्याकाळी तुमची पात्रंही तिथेच येणार. त्या बेटावर आधीच सशस्त्र तस्करांची टोळी बसलेली आहे, पलीकडच्या टोकाला एक जखमी वाघीण आहे आणि पाणी अजून वीतभर चढायचं आहे. इथे लढाई होईलच असं नाही. बहुधा तह होईल, आणि रात्रभर कुणी झोपणार नाही. मला असे प्रसंग कुठल्याही सरडेमाणसापेक्षा मोलाचे वाटतात.

कोरड्या ऋतूत हेच उलटं होतं. एव्हरग्लेड्समधली मगरीच्या जातीची ॲलिगेटर चिखल उकरून खड्डे करतात आणि ते राखतात. बाकी सगळं आटलं तरी त्या खड्ड्यांत पाणी उरतं, मासे उरतात, त्यांच्यासाठी पक्षी येतात, प्राणी पाण्यावर येतात. सगळ्यांना ठाऊक असतं की मालक खालीच आहे, तरी यावं लागतं.

वाटेत अचानक कोण भेटतं हे ठरवायला मास्टर लोक एक यादी करून ठेवतात आणि फासा टाकून त्यातून निवडतात. दलदलीसाठी अशी एक यादी करू नका. पाणी चढलेलं असतानाची एक आणि उतरलेलं असतानाची दुसरी, अशा दोन करा.

राक्षसाचा धंदा काय?

वरचे ॲलिगेटर नुसते दलदलीत राहत नाहीत, ते तिला घडवतात. ओकावांगोत पाणघोडे रोज त्याच वाटेने ये-जा करतात आणि त्या वाटा वनस्पतींनी बुजत नाहीत. बीव्हर नावाचे पाण्यात राहणारे कुरतडे प्राणी झाडं पाडून प्रवाह अडवतात आणि कोरड्या दरीची पाणथळ करून टाकतात. कॅनडात सापडलेला त्यांचा एक बांध तर पाऊण किलोमीटरहून लांब आहे.

तेव्हा तुमच्या दलदलीत जो कोणी मोठा राक्षस असेल त्याला काहीतरी काम द्या. समजा, तिथला बहुमुखी सर्प रोज रात्री सात प्रवाहांतून फिरतो म्हणूनच ते सात प्रवाह मोकळे आहेत, आणि त्याच प्रवाहांतून गावकऱ्यांच्या होड्या बाजाराला जातात. गावकरी त्याला घाबरतात, दर वर्षी दोन-चार माणसं गमावतात, तरी त्याला मारू देत नाहीत. बाहेरून आलेले वीर त्याला मारून बक्षीस मागायला गावात येतात. पुढच्या पुरापर्यंत सगळ्या वाटा बुजलेल्या असतात. ग्रीक पुराणकथेतली अनेक तोंडांची हायड्राही लेर्ना नावाच्या दलदलीतच राहायची. हेराक्लिसने तिला मारल्यावर तिथल्या पाण्याचं काय झालं, हे कथा सांगत नाही. तुम्ही सांगू शकता.

पीटमध्ये काय टिकतं आणि काय विरघळतं

आता माझा सगळ्यात आवडता भाग. पावसाच्या पाण्यावर पोसलेल्या पीटच्या दलदलीत प्राणवायू नाही, थंडी आहे, आम्ल आहे आणि स्फॅग्नममधून उतरणारी अशी द्रव्यं आहेत जी कातडी कमावल्यासारखी टिकवतात. १९५० साली डेन्मार्कमध्ये पीट खणणाऱ्या माणसांना एक प्रेत सापडलं. चेहरा शांत, हनुवटीवर खुंट, गळ्यात कातडी फास. नुकताच कुणाचा तरी खून झाला असं समजून त्यांनी पोलिसांना कळवलं. तो माणूस सुमारे २,४०० वर्षांपूर्वी मेला होता. टोलुंड मॅन म्हणून तो आज ओळखला जातो. त्याने मरण्याआधी काय खाल्लं तेही पोटातून कळलं.

इंग्लंडमधली गोष्ट तर एखाद्या मास्टरने रचल्यासारखी आहे. १९८३ मध्ये चेशरमधल्या लिंडो मॉस या पीटच्या जागी एका बाईच्या कवटीचा भाग मिळाला. तिथून जवळच राहून गेलेल्या एका माणसाची बायको वीसेक वर्षांपूर्वी नाहीशी झाली होती. कवटी सापडली म्हटल्यावर त्याने खुनाची कबुली दिली. नंतर कवटीचं वय काढलं तर ती रोमन काळातली, १,७०० वर्षांहून जुनी निघाली. कबुली मात्र दिलेली होतीच, आणि त्याला शिक्षा झाली. असा प्रसंग साहसात घालायला जादूचीही गरज नाही: ताजं दिसणारं प्रेत, चुकीची ओळख, खरी कबुली.

पण इथे एक बारकावा आहे जो भुतांची निवडच बदलून टाकतो. आम्लधर्मी पाणी कातडी आणि केस टिकवतं, हाडांमधला चुना मात्र विरघळवतं. चुनखडीच्या पाण्यात याच्या उलट: मांस जातं, हाडं राहतात. म्हणजे पीटच्या दलदलीतून सांगाड्यांची फौज उठूच शकत नाही. तिथून उठेल ते काळ्या-तपकिरी चामड्याचं, मऊ, दुमडणारं काहीतरी, जे दाराच्या फटीतून आत येऊ शकेल आणि ज्याच्यावर गदेचा घाव वाया जाईल. सांगाडे हवे असतील तर त्यांना बोरूंच्या, भूजलाच्या दलदलीत ठेवा. आणि मृतांशी बोलण्याचा मंत्र चालवायचा असेल, तर फ्लोरिडातल्या विंडओव्हर या ठिकाणची आठवण ठेवा. तिथल्या तळ्याच्या पीटमध्ये सात हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची माणसं सापडली. तिथलं पाणी फारसं आम्लधर्मी नव्हतं, त्यामुळे हाडं टिकली, आणि कित्येक कवट्यांमध्ये मेंदूचा अंशही शिल्लक होता.

खजिन्याचंही तसंच. डेन्मार्कमध्ये इलेरुप इथे हरलेल्या सैन्याची हजारो शस्त्रं पाण्यात अर्पण केलेली मिळाली, आणि त्यातली बरीच टाकण्यापूर्वी मुद्दाम वाकवलेली, तोडलेली आहेत. इंग्लंडच्या सॉमरसेट भागात जवळजवळ दोन किलोमीटर लांबीची लाकडी पायवाट पीटखाली सापडली. तिच्या लाकडांच्या वर्तुळांवरून तिचं वर्ष इसवी सनपूर्व ३८०७ किंवा ३८०६ असं काढता आलं. त्या वाटेच्या कडेला आल्प्समधल्या हिरव्या दगडाची, कधीच न वापरलेली कुऱ्हाड होती. दलदलीतला खजिना सहसा हरवलेला नसतो. तो कुणीतरी कुणाला तरी दिलेला असतो, आणि घेणारा अजून तिथे असू शकतो.

पण माणूस रुतून बुडतो ना?

चित्रपटांनी रुतणीची फार बदनामी केली. २००५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात दाखवलं होतं की माणूस सरकत्या वाळूत कमरेच्या आसपासपर्यंत जातो आणि थांबतो, कारण त्या मिश्रणाची घनता माणसाच्या शरीराच्या जवळजवळ दुप्पट असते. बुडणं अशक्य. पण पाय बाहेर काढायला जोर प्रचंड लागतो. झटक्यात ओढायला जाल तर एखादी मोटार उचलण्याइतका. हळूहळू पाय हलवून पाणी आत शिरू दिलं की सुटका होते.

म्हणून ‘फासा चुकला, पात्र बुडून मेलं’ हा नियम चुकीचाही आहे आणि कंटाळवाणाही. त्याऐवजी असं करा: पात्र अडकलं आहे, सुटायला वेळ लागेल, आणि भरती सुरू झाली आहे. आता बाकीच्यांनी काय करायचं? पाठलाग करणारे किती लांब आहेत? चिलखत कापून टाकायचं का? धोका तोच, पण आता त्यात निर्णय आहेत.

आणखी एक जागा वापरून बघा. काही ठिकाणी शेवाळ आणि मुळांचा जाड थर पाण्यावर तरंगत असतो. त्यावर चालता येतं, पण पलंगावरच्या गादीच्या एका टोकाला कुणी बसलं की दुसरं टोक हलावं तसा तो हलतो, आणि त्यावरची छोटी झाडंही डोलतात. अशा जागी कितीही दबक्या पावलाने चाला, तुमचं येणं लपत नाही. समोरच्याचंही लपत नाही. वारा नसताना लांबची झुडपं एका रेषेत डोलू लागली, एवढंच मास्टरने सांगायचं.

ते हलते दिवे

दलदलीवर रात्री दिसणाऱ्या दिव्यांच्या गोष्टी जगभर आहेत. बंगालमध्ये त्यांना आलेया म्हणतात, कच्छच्या बन्नी भागात छिर बत्ती. चिखलातल्या वायूंशी त्यांचा संबंध जोडला जातो, पण शेवटचा निकाल लागलेला नाही, आणि मास्टरसाठी ते बरंच आहे. १७७६ मध्ये अलेस्सांद्रो व्होल्टाने इटलीतल्या माज्जोरे सरोवराच्या काठचा चिखल ढवळून वर येणारा वायू गोळा केला होता. तोच मिथेन, तो पेटतो.

तेव्हा अग्निमंत्र टाकणाऱ्या पात्राला दलदलीत जरा विचार करायला लावा. मोठा स्फोट वगैरे नको, तो एकदाच मजा देतो. जास्त भयंकर आहे ती पीटची आग. वाळलेलं पीट एकदा पेटलं की जमिनीखाली ज्वाळेशिवाय धुमसत राहतं, आठवडेच्या आठवडे, कधी महिने. १९९७ मध्ये इंडोनेशियातल्या अशा आगींचा धूर शेजारच्या देशांवर पसरला होता. तुमच्या साहसात ड्रॅगन येऊन गेला त्याला दोन महिने झाले. वरून जमीन शाबूत दिसते. खाली पोकळ निखारा आहे.

इथे माणसं राहतातच कशाला?

कारण इथे घोडदळ येऊ शकत नाही. दलदलीतले लोक मागासलेले, वेडसर किंवा नरभक्षक दाखवायची या खेळात जुनी खोड आहे. प्रत्यक्षात इतिहासात दलदलीत गेले ते बरेचदा पळून गेलेले, हरलेले पण न वाकलेले लोक. ८७८ साली व्हायकिंगांनी धुडकावलेला राजा आल्फ्रेड सॉमरसेटच्या दलदलीतल्या अ‍ॅथेल्नी बेटावर लपला, आणि काही महिन्यांत तिथूनच बाहेर पडून त्याने लढाई जिंकली. अमेरिकेत व्हर्जिनिया आणि उत्तर कॅरोलिनाच्या सीमेवरच्या ग्रेट डिस्मल स्वॉम्पमध्ये गुलामीतून पळालेली माणसं आतल्या उंचवट्यांवर वस्ती करून पिढ्यानपिढ्या राहिली. दक्षिण इराकच्या पाणथळीत बोरूंपासून उभारलेली मोठी घरं आहेत, बोरू रचून तयार केलेली बेटं आहेत, म्हशी आहेत. १९९१ च्या उठावानंतर सद्दाम हुसेनच्या सरकारने कालवे आणि बांध घालून त्यातला बहुतेक भाग कोरडा केला. २००३ मध्ये लोकांनी ते बांध फोडले आणि पाणी परत आलं.

यातून दलदलीचं राजकारण दिसतं, आणि लांबलचक मोहिमेला, म्हणजे अनेक बैठका चालणाऱ्या खेळाला, तेच पुरतं. राज्याला दलदल सुकवायची असते: शेती मिळते, कर मिळतो, बंडखोरांची जागा जाते. सतराव्या शतकात पूर्व इंग्लंडमधल्या फेन्स भागात असंच झालं; मासे, पक्षी आणि बोरूवर जगणारे तिथले लोक रात्री जाऊन बांध फोडायचे. तुमच्या खेळाडूंना सरकारने बांधाच्या पहाऱ्यासाठी भाड्याने घेतलं, तर पहिल्या रात्री ते कुणाच्या बाजूला असतील आणि पाचव्या रात्री कुणाच्या, हे बघण्यासारखं असतं.

त्याच फेन्समधला एक तपशील हातचा सोडू नका. पाणी काढलं की पीट सुकतं, आक्रसतं, हवेत सडून उडूनही जातं. १८५१ मध्ये होम फेन इथे एक लोखंडी खांब जमिनीत असा पुरला की त्याचं वरचं टोक जमिनीच्या पातळीला येईल. आज तो सुमारे चार मीटर बाहेर आहे. खांब वर आलेला नाही, जमीन खाली गेली आहे. आता एक जुना मनोरा कल्पा ज्याचं मुख्य दार दोन मजले वर हवेत आहे. खेळाडू आधी उडणाऱ्या जादूगारांचा विचार करतील.

‘खेळाडूंना नुसता त्रास होईल’

होतो, जर चिखल म्हणजे केवळ दंड असेल. वेग निम्मा, रोज रोगाचा फासा, रोज शिधा नासला. याला कुणीही कंटाळेल. उपाय असा की प्रत्येक गैरसोयीसमोर एक पर्याय ठेवायचा. वळसा घालून बांधावरून गेलात तर तीन दिवस, सुरक्षित, पण नजरेत येणार. बोरूतून गेलात तर एक दिवस, वाटाड्या हवा. होडीने गेलात तर सामान नेता येईल, घोडे सोडावे लागतील. तापाचंही तसंच. हिवतापाचा परजीवी डासांतून येतो हे रोनाल्ड रॉसने १८९७ मध्ये दाखवलं. तुमच्या जगातल्या लोकांना ते ठाऊक नसलं तरी साचलेल्या पाण्याजवळ झोपलेले आजारी पडतात आणि वाहत्या पाण्याजवळचे कमी पडतात, हे त्यांना दिसलेलं असणार. एखाद्या म्हाताऱ्याच्या तोंडून ते आधीच सांगून टाका. मग कुठे झोपायचं हा खेळाडूंचा निर्णय, आणि ताप आला तर त्यांना अन्याय वाटत नाही.

‘कल्पनेच्या जगात एवढं विज्ञान कशाला?’

विज्ञान शिकवायला नव्हे. जगाला नियम असले की खेळाडू त्यांचा अंदाज बांधू शकतात, आणि अंदाज बांधता आला की बेत आखता येतो. पाणी कधी चढणार हे माहीत असलेला खेळाडू शत्रूला खोलात ओढून नेईल. माहीत नसलेला फक्त तलवार चालवेल. जादू हवी तितकी घाला, फक्त ती पाण्यालाही लागू करा: शापामुळे भरती येते पण ओहोटी होत नाही, असं म्हटलंत तरी चालेल. तोही नियमच झाला.

‘आणि हे लक्षात कोण ठेवणार?’

कागद. एका कागदावर नकाशा, त्यावर दोन शाईंनी दोन किनारे: पाणी चढलेलं असताना जमीन कुठवर, उतरलेलं असताना कुठवर. दुसऱ्या कागदावर पाण्याची पातळी दाखवणाऱ्या सहा चौकटी आणि एक सोंगटी, जी सगळ्यांना दिसेल अशी टेबलावर ठेवायची. वर्णन करताना धुक्यावर वाक्यं खर्च करू नका. ‘मघाशी गुडघ्याला होतं, आता मांडीला लागतंय’ एवढं बास. पहिल्यांदाच करत असाल तर भरतीची दलदल घ्या, कारण तिचं घड्याळ एका बैठकीत पूर्ण फिरतं आणि परिणाम लगेच दिसतो. पीटची दलदल शोधकथेला, जुन्या गुन्ह्याला बरी पडते. नदीच्या पुराची मात्र मोठ्या मोहिमेसाठी राखून ठेवा. खेळातला एक ऋतू तरी त्याच प्रदेशात काढल्याशिवाय तिची मजा कळत नाही.